रस्ते वेगवान झाले, डोंगर नव्हे!
ठाणे-डोंबिवलीहून मोटारीने लडाखला जाण्याच्या हौसेचा हिशेब

खास प्रतिनिधी, ठाणे

एमएच-०४ ही ठाण्याची आणि एमएच-०५ ही कल्याणची पाटी. या पाट्या मिरवणाऱ्या मोटारी एकेकाळी उन्हाळ्याच्या सुटीत फार तर महाबळेश्वर, तारकर्ली किंवा गोव्यापर्यंत धावत. काश्मीर, कुलू-मनाली ही ठिकाणे रेल्वेने आणि सहल कंपनीसोबत पाहायची असत. आता मात्र घोडबंदर रस्त्यावरील गृहसंकुलांत आणि डोंबिवलीच्या सोसायट्यांत स्वतःच्या मोटारीने थेट लडाख गाठण्याचे बेत आखले जातात. त्यात केवळ धाडसाची हौस नाही. हिमबिबट्याचा मुलूख, काळ्या मानेचे क्रौंच पक्षी, साडेचार हजार मीटर उंचीवरील निळी सरोवरे, हे सारे मुलाबाळांसह आणि आपल्या गतीने पाहावे, ही मध्यमवर्गाची इच्छा रास्तच आहे.

प्रश्न आहे तो 'आपल्या गतीने' या शब्दांचा. गेल्या पाच-सहा वर्षांत या मार्गावर जेवढी बांधकामे झाली, त्या साऱ्यांनी गती वाढवली. मात्र विरळ हवेशी जुळवून घेण्याची मानवी शरीराची गती होती तेवढीच राहिली आणि शीत वाळवंटाची माणसे व वाहने सोसण्याची क्षमताही वाढली नाही. या सहलीचे नियोजन बहुतेक घरांत नकाशा आणि हॉटेलांची यादी यांपासून सुरू होते. वास्तविक ते रजेच्या अर्जापासून सुरू व्हायला हवे. कारण या प्रवासात सर्वांत महाग वस्तू पेट्रोल नसून दिवस आहेत.

अंतर घटले, वेळ किती?

आधी रस्त्यांचा लेखाजोखा मांडू. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांग खिंडीखालचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरने घटले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रोहतांग ओलांडण्यात जाणारा अर्धा दिवस वाचला. दिल्ली-मुंबई द्रुतगती महामार्गाचा दिल्ली-दौसा-लालसोट हा २४६ किलोमीटरचा टप्पा फेब्रुवारी २०२३मध्ये सुरू झाला. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा वाहतुकीस मिळाला. भिवंडीजवळचे आमणे कल्याण-डोंबिवलीकरांच्या अगदी दाराशी आहे. त्यामुळे कसारा घाटाची वळणे टाळून नाशिक, धुळे, इंदूरमार्गे उत्तरेकडे निघणे सोपे झाले. ठाणेकरांना घोडबंदर मार्गे गुजरात आणि राजस्थान ही जुनी वाट आहेच. पलीकडे शिंकू ला या खिंडीखाली ४.१ किलोमीटर लांबीच्या आणखी एका बोगद्याच्या कामाला जुलै २०२४मध्ये प्रारंभ झाला.

इतके होऊनही ठाणे ते मनाली हे अंतर सुमारे १,९०० किलोमीटर आणि पुढे लेहपर्यंत सव्वाचारशेहून थोडे अधिक. जाऊन येऊन ४,६०० ते ४,७०० किलोमीटर झाले. त्यात नुब्रा, पॅंगॉंग आणि त्सो मोरिरी यांची फेरी मिळवली की आकडा साडेपाच हजारांवर जातो. मोटार लिटरला १५ किलोमीटर चालते आणि लिटरचा दर शंभर रुपये असे ढोबळमानाने धरले, तर केवळ इंधनाचे ३६-३७ हजार रुपये होतात. पथकर, मुक्काम आणि जेवणखाण वेगळे. खर्चाचा हा हिशेब घरोघरी होतो. दिवसांचा हिशेब मात्र अनेकदा उलटा मांडला जातो. 'दोन शनिवार-रविवार धरून नऊ दिवसांची रजा मिळते, त्यात काय काय बसेल?' असा प्रश्न विचारला की उत्तर चुकणारच.

हिशेब सरळ मांडून पाहू. दिवसाला पाचशे किलोमीटरच्या आत राहायचे, रात्री मोटार चालवायची नाही, हे पथ्य पाळले तर मनालीला चार दिवस लागतात. पाचव्या दिवशी बोगदा ओलांडून लाहौल खोऱ्यातील जिस्पा, तेथे एक दिवस विश्रांती, सातव्या दिवशी लेह. लेहमध्ये आणखी दोन दिवस काहीही न करता थांबायचे. त्यानंतर सहा दिवस नुब्रा, पॅंगॉंग आणि त्सो मोरिरी. परत मनालीपर्यंत दोन दिवस आणि ठाण्यापर्यंत चार. बेरीज होते एकवीस. दरड कोसळली, कोणी आजारी पडले किंवा मोटार रुसली तर राखीव असावेत असे दोन दिवस मिळवले की तेवीस. या तेविसांपैकी ज्यासाठी एवढा खटाटोप केला त्या निसर्गाच्या वाट्याला सहाच दिवस येतात, तर मैदानी महामार्गांच्या वाट्याला आठ.

तेवीस दिवसांची रजा किती नोकरदारांना मिळते? मग कात्री लागते ती नेमकी विश्रांतीच्या दिवसांना. जिस्पाचा थांबा रद्द होतो, लेहमधील दोन दिवसांचा एक होतो, कधी तोही राहत नाही. नियोजनातली खरी धोक्याची जागा हीच.

विरळ हवेचे गणित

ठाण्याची उंची समुद्रसपाटीपासून नगण्य. मनाली सुमारे २,०५० मीटरवर, जिस्पा ३,२०० आणि लेह ३,५०० मीटरवर. लेहमध्ये प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायू ठाण्याच्या मानाने दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. वाटेतील ५,३२८ मीटर उंचीच्या तगलांग ला खिंडीत तो जवळपास निम्मा होतो. पर्वतीय वैद्यकाचा सर्वमान्य संकेत असा की, तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याच्या ठिकाणाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. दिवसा उंच खिंड ओलांडणे वेगळे आणि उंचीवर रात्र काढणे वेगळे. त्रास बहुधा रात्री वाढतो.

मनाली-लेह मार्गावर अनेकजण सर्चू येथे तंबूत मुक्काम करतात. सर्चू ४,२९० मीटरवर आहे. म्हणजे मनालीहून निघालेला माणूस एका दिवसात सव्वादोन हजार मीटर वर जाऊन झोपतो. त्याहूनही वाईट आहे ते सर्चूचे स्थान. उंचीच्या आजारावर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे ताबडतोब खाली उतरणे. पण सर्चूहून मनालीकडे वळले तर सुमारे ४,९०० मीटरची बारालाचा ला आडवी येते आणि लेहकडे निघाले तर नकी ला व पाच हजार मीटरहून उंच लाचुंग ला. दोन्हीकडे उतरण्यासाठी आधी चढावे लागते! धाप विश्रांती घेऊनही थांबत नसेल, खोकला वाढत असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर फुप्फुसांत वा मेंदूत पाणी साचण्याची ती लक्षणे असू शकतात. अशा रुग्णाला मध्यरात्री खिंडीवरून न्यायचे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणूनच जिस्पा किंवा केलाँग येथे दोन रात्री काढून, पहाटे निघून सुमारे सव्वातीनशे किलोमीटरची मजल मारत सर्चूला न थांबता लेह गाठणे हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा बेत ठरतो. दिवस थकवणारा असतो. पण रात्र सुरक्षित असते.

तंदुरुस्ती हा येथे परवाना नव्हे, हेही ध्यानात घ्यायला हवे. येऊरची चढण रोज चढणाऱ्यालाही विरळ हवा लागू शकते आणि व्यायाम न करणाऱ्याला लागणार नाही असेही घडते. हृदयविकार, फुप्फुसाचे आजार वा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी आणि लहान मुले बरोबर असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे हा उपचार नव्हे, नियोजनाचाच भाग आहे.

श्रीनगरमार्गे की मनालीमार्गे?

लेहला जाण्याचा दुसरा मार्ग श्रीनगरवरून. शरीराच्या दृष्टीने तो अधिक दयाळू. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर, सोनमर्ग २,७०० मीटरवर. झोजिला खिंड ३,५२८ मीटरची. पण ती ओलांडून मुक्काम होतो तो २,६७६ मीटरवरील कारगिलला. पुढे ४,१०८ मीटरची फोतू ला पार करून लेह. चढण टप्प्याटप्प्याने होते आणि एकही रात्र अवाजवी उंचीवर काढावी लागत नाही. १३ जानेवारी २०२५ रोजी सोनमर्ग बोगदाही सुरू झाल्याने हा मार्ग अधिक सुकर झाला.

परंतु नियोजन नुसत्या नकाशावर होत नसते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामच्या बैसरन पठारावर दहशतवाद्यांनी २६ जणांचे प्राण घेतले. त्यांत महाराष्ट्राचे सहा जण होते आणि त्या सहांपैकी तिघे एकट्या डोंबिवलीचे. सुटीसाठी गेलेल्या माणसांच्या शवपेट्या ज्या शहराने उतरवून घेतल्या, तेथील एखादे कुटुंब 'श्रीनगरचे नाव काढू नका' असे म्हणत असेल, तर त्याला भित्रे ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. तथापि या निर्णयाची किंमत काय, हे त्या कुटुंबाला ठाऊक असले पाहिजे. श्रीनगर वगळले की जाता-येता दोन्ही वेळा मनालीचाच मार्ग उरतो आणि एका धोक्याऐवजी दुसरा, अधिक मुकाट धोका पत्करला जातो. तो दोन जादा दिवसांनी टाळता येतो. निर्णय भीतीचा असो वा धैर्याचा, त्याच्यासोबत दिवसांची तरतूद हवीच.

अनिश्चितता लेहमध्येही आहे. राज्याचा दर्जा आणि सहाव्या अनुसूचीचे संरक्षण या मागण्यांसाठी चाललेल्या आंदोलनाला २४ सप्टेंबर २०२५ रोजी हिंसक वळण लागले, चौघांचा मृत्यू झाला आणि संचारबंदी पुकारली गेली. ऐन हंगामात गेलेले पर्यटक त्यात अडकले. राखीव दिवस नुसत्या दरडीसाठी ठेवायचे नसतात, ते असे.

शाळा, पाऊस आणि खिंड

आता प्रश्न हंगामाचा. मनाली-लेह रस्ता हिमवर्षावामुळे हिवाळाभर बंद असतो. सीमा रस्ते संघटना बर्फ हटवून तो साधारणतः मेच्या मध्यापासून जूनच्या प्रारंभापर्यंत खुला करते. महाराष्ट्रातील शाळा १५ जूनच्या आसपास उघडतात. म्हणजे शाळकरी मुलांच्या पालकांना मिळणारी खिडकी दोन-तीन आठवड्यांची आणि तीही रस्ता वेळेवर खुला झाला तर. याच पंधरवड्यात उत्तर भारतातील सारी गर्दीही त्याच रस्त्यावर असते.

जुलै-ऑगस्टमध्ये लडाख कोरडे असले तरी तेथे पोहोचण्याची वाट हिमाचलच्या पावसातून जाते. जुलै २०२३मध्ये बियास नदीच्या पुराने कुलू-मनालीचा रस्ता जागोजागी गिळला. ऑगस्ट २०२५मध्ये पुन्हा तेच झाले. कोरड्या लेहलाही ऑगस्ट २०१०मधील ढगफुटीने दोनशेहून अधिक बळी घेऊन धडा दिला आहे. आकाश निरभ्र आणि रस्ते मोकळे असे दिवस येतात ते सप्टेंबरमध्ये. पण तेव्हा गणपती, नवरात्र आणि सहामाही परीक्षांची तयारी. दिवाळीच्या सुटीपर्यंत थंडी कडक होते आणि खिंडी मिटू लागतात. आपल्याकडील सुट्यांचे पंचांग आणि हिमालयाचे पंचांग जुळत नाही, हे सत्य एकदा स्वीकारले की निम्मे नियोजन सुटते. मुले लहान असतील तर सप्टेंबरमधली दहा दिवसांची शाळा बुडवायची की सहल चार वर्षे पुढे ढकलायची, याचा निर्णय घरातच घ्यावा लागेल.

वाहनाच्या तयारीबाबत मोजकेच सांगण्याजोगे. आपल्या परिसरात सीएनजीवरील मोटारी पुष्कळ. पर्वतात मात्र त्या पेट्रोलवरच चालवाव्या लागतात आणि टाकीने सामानाची जागा अडवलेली असते ती वेगळीच. लाहौलमधील टांडीच्या पंपावर 'पुढील पंप ३६५ किलोमीटर' ही पाटी प्रसिद्ध आहे. तेथे टाकी काठोकाठ भरणे अनिवार्य. भाड्याने घेतलेल्या परराज्यातील वाहनांनी नुब्रा-पॅंगॉंगची फेरी करण्यास लेहच्या टॅक्सीचालकांचा ठाम विरोध असतो. त्यामुळे मोटार स्वतःच्या नावावरची हवी. सरोवरांकडे जाण्यासाठी भारतीयांना लागणारा इनर लाइन परवाना ऑगस्ट २०२१मध्ये रद्द झाला असला, तरी पर्यावरण शुल्क भरावे लागते.

पाहुण्यांचा भार

हे शुल्क का, याचे उत्तर दोन आकड्यांत आहे. २०११च्या जनगणनेनुसार लडाखची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या घरात. २०२२ या एका वर्षात तेथे गेलेले पर्यटक पाच लाखांहून अधिक. लेहमध्ये वर्षभरात सुमारे शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. ठाण्यात तेवढा जुलैतल्या एका दिवसात कोसळतो. हिमनद्यांच्या वितळत्या पाण्यावर शेती करणाऱ्या आणि कोरडी शौचालये वापरणाऱ्या या समाजाच्या उरावर वाहत्या शॉवरची हॉटेले उभी राहिली आणि कूपनलिका खोल गेल्या. जमीन आणि पाण्यावर आपला शब्द चालावा, या लडाखी मागणीमागे ही पार्श्वभूमीही आहे. मार्च २०२४मध्ये सोनम वांगचुक यांनी केलेल्या २१ दिवसांच्या उपोषणात पर्यावरणाचा मुद्दा अग्रभागी होता, तो उगाच नव्हे.

लाहौलने बोगद्यानंतर जे भोगले तेही बोलके आहे. अटल बोगद्याची आखणी दिवसाला तीन हजार मोटारी आणि दीड हजार मालमोटारी यांच्यासाठी होती. २०२३च्या नाताळात एका दिवसात दहा हजारांहून अधिक वाहने त्यातून गेली आणि कोंडी टाळण्यासाठी एका पर्यटकाने आपली मोटार थेट चंद्रा नदीच्या पात्रात घातली. त्याआधी २०२२मध्ये पॅंगॉंगच्या पाण्यात मोटार पळवतानाची चित्रफीत देशभर पसरली होती. रोहतांग खिंडीवर राष्ट्रीय हरित लवादाने रोजच्या वाहनसंख्येची मर्यादा घातली. बोगद्याच्या पलीकडील खोऱ्याला तसे कवच नाही.

ज्यांना निसर्गच पाहायचा आहे त्यांनी या भागातील जीवनचक्र समजून घेणे अगत्याचे. देशातील पहिल्या शास्त्रशुद्ध गणनेत, जिचा अहवाल जानेवारी २०२४मध्ये प्रसिद्ध झाला, भारतात ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज निघाला. त्यांपैकी ४७७ लडाखमध्ये. मात्र उन्हाळ्यात मोटारीच्या खिडकीतून तो दिसेल, ही आशा सोडून द्यावी. त्सो कार आणि त्सो मोरिरी या रामसर दर्जाच्या पाणथळी उन्हाळ्यात पक्ष्यांच्या विणीच्या जागा असतात. काळ्या मानेचा क्रौंच तेथेच घरटे करतो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंसही तेथेच वीण करतो. हा पक्षी हिवाळ्यात आपल्या उजनी आणि जायकवाडी जलाशयांवरही उतरतो. म्हणजे लडाखची पाणथळ बिघडली तर तिची झळ सोलापूर-पैठणपर्यंत पोहोचते. रस्ता सोडून काठापर्यंत मोटार नेणे, मार्मोटांना बिस्किटे चारणे, उरलेले अन्न टाकून देणे या साऱ्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी. पण टाकलेल्या अन्नावर भटकी कुत्री पोसली जातात आणि तीच क्रौंचाची पिल्ले खातात. येऊरच्या जंगलात रात्री-अपरात्री गाड्या नेणाऱ्या व गोंगाट करणाऱ्या पाहुण्यांविरुद्ध ठाणेकर तक्रारी करतात. लडाखमध्ये आपणच ते पाहुणे असतो.

मग जायचेच नाही?

असे मुळीच नाही. पाहुण्यांच्या उत्पन्नावर तेथील हजारो घरे चालतात आणि हेमिस राष्ट्रीय उद्यानातील रुंबकसारख्या गावांत घरगुती निवासामुळे हिमबिबट्याविषयीचा रोष कमी होण्यास मदत झाली आहे. जाण्याची रीत बदलायला हवी, एवढेच. तीन आठवडे मिळत असतील तर मोटारीने जरूर जावे. दोनच आठवडे असतील तर रेल्वेने दिल्ली-चंदीगड गाठून पुढे स्थानिक वाहन व चालक घ्यावा. महामार्गावरचे आठ दिवस वाचतात आणि पैसा डोंगरातल्या घरात जातो. विमानाने थेट लेहला उतरणाऱ्यांनी पहिले ४८ तास विश्रांती घेण्याचा प्रशासनाचा सल्ला काटेकोर पाळावा. आणि नऊच दिवस असतील तर लडाखचा हट्ट सोडून लाहौलपर्यंतच जावे. तेही रेल्वेने वा विमानाने चंदीगडपर्यंत जाऊन.

यादीतली स्थळे कमी करावीत, दिवस नव्हे. पॅंगॉंग, नुब्रा आणि त्सो मोरिरी या तिघांपैकी एकच निवडून तेथे तीन रात्री काढणाऱ्याला जे दिसेल, ते तिन्ही ठिकाणी छायाचित्र काढून पळणाऱ्याला दिसणार नाही. रस्ता बांधणाऱ्यांनी आपले काम केले आहे. त्यांनी दिलेला वेग कोठे वापरायचा आणि कोठे नाही, हे ठरवण्याचे काम प्रवाशाचे आहे. आमण्याच्या पथकर नाक्यापासून मनालीपर्यंत तो खुशाल वापरावा. त्यापुढे मात्र वेळापत्रक डोंगराचे.